खडी आमची, रस्ता कुणाचा?

पावसाळा संपता संपता पालघर जिल्ह्यात दरवर्षी दोन गोष्टी दिसतात. शेतात भात पिवळा पडू लागतो आणि मे महिन्यात केलेल्या डांबरी रस्त्यावर सुटी खडी पसरलेली असते. भात कापून घरात येतो. खडी मात्र दुचाकीच्या चाकाखाली आणि शाळेत अनवाणी जाणाऱ्या पोरांच्या पायाखाली येते. आशागड असो, चारोटी असो की तलासरीकडचा एखादा पाडा असो, लोकांचे उत्तर ठरलेले आहे : "डांबर खाल्लं." हे उत्तर अनेकदा खरे असते. पण ते अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे दगड आणि डांबर एकमेकांना कसे धरतात, यात आहे. ते समजून घेतल्याशिवाय कंत्राटदाराला, अभियंत्याला किंवा न्यायालयाला नेमका प्रश्न विचारता येत नाही. मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळते, हा वकिलीतला रोजचा अनुभव आहे.

म्हणून आज रस्त्याच्या मिश्रणाबद्दल लिहावयाचे आहे. विषय अभियंत्यांचा वाटेल. पण या देशात रस्त्यांचा समग्र विचार करण्यासाठी १९२७ साली जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष अभियंता नव्हते. ते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. जयकर समितीच्या अहवालातूनच पुढे १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडाही १९४३ साली आपल्या नागपुरातच ठरला. तेव्हा रस्ता हा केवळ तंत्राचा विषय नाही. तो निधीचा, कायद्याचा आणि हक्काचा विषय आहे.

दगड डांबराला का सोडतो?

डांबरी मिश्रणाच्या शंभर किलोत साधारण पंचाण्णव किलो दगड असतो आणि पाच किलोच्या आसपास डांबर. दगडातही तीन प्रकार : मोठी खडी, बारीक खडी-कच आणि अगदी पिठासारखी भुकटी. ही भुकटी एका मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढ्या चाळणीतून गळते. खडीमधल्या फटी ती भरते आणि डांबराला घट्टपणा देते. अभियंते तिला 'फिलर' म्हणतात. रस्त्याचे आयुष्य या भुकटीवर किती अवलंबून असते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे. दगड आणि त्यावरचा डांबराचा पातळ थर यांच्या मध्ये पाणी शिरले की डांबर सुटते आणि खडी मोकळी होते. ज्या दगडात सिलिकाचे प्रमाण जास्त, उदाहरणार्थ ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झाइट, त्याला डांबरापेक्षा पाणी लवकर चिकटते. चुनखडीचे उलट आहे. डांबरात थोडे आम्ल असते आणि चुनखडी अल्कधर्मी असते. दोघांचे जमते. चुनखडी भाजून, पाणी घालून केलेला विरी गेलेला चुना तर डांबरातल्या आम्लाशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारे क्षार तयार करतो. म्हणजे दगड आणि डांबर यांच्यात पाण्याला जागाच राहत नाही. आपला सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, या दोन टोकांच्या मधला आहे आणि चांगल्या बाजूकडे झुकलेला आहे. पण त्याच्यावर माती-धूळ बसलेली असेल, तो ओला असेल, किंवा मिश्रण थंड झाल्यावर पसरले असेल, तर चांगला दगडही डांबर सोडतो. डहाणूत चार महिन्यांत दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथे ही परीक्षा दरवर्षी होते.

याचा अर्थ सगळा रस्ता चुनखडीचा करावा असा नाही. चुनखडी मऊ असते. वरच्या थरात तिची खडी वापरली तर चाकांनी घासून ती गुळगुळीत होते आणि पावसात गाड्या घसरतात. वरच्या थराला आपला काळा दगडच योग्य. चुनखडीची जागा भुकटीत, चुन्यात आणि रस्त्याच्या पायात आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात चुना मिसळला तर तिचे फुगणे कमी होते. यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

निसर्गाने केलेले मिश्रण

जगात काही ठिकाणी हे मिश्रण निसर्गानेच करून ठेवले आहे. इंडोनेशियातील बुटोन बेटावर चुनखडीच्या खडकातच डांबर मुरलेले आहे. ते काही ठिकाणी दहा टक्के, तर काही ठिकाणी तीस टक्क्यांच्याही वर सापडते. हा दगड १९२० च्या दशकापासून खणला जातो आणि रस्त्याला वापरला जातो. स्वित्झर्लंडमधील व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातील अशाच डांबरी चुनखडीने १८५४ साली पॅरिसच्या एका रस्त्याला नवा पृष्ठभाग दिला. वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटावर तर सुमारे शंभर एकरांचे डांबराचे तळे आहे. १८७६ साली वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवर तिथले डांबर वापरले गेले. आणि फार दूर जायला नको. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाला गळती लागू नये म्हणून त्या काळच्या कारागिरांनी नैसर्गिक डांबराचाच थर दिला होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पाणी आणि डांबर यांचा हिशेब कळत होता.

पण बुटोनची कथा इथेच संपत नाही. पायाखाली डांबराचा एवढा साठा असताना इंडोनेशिया आपल्या रस्त्यांसाठी परदेशातून डांबर आणत राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या देशाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः बुटोनला गेले आणि दोन वर्षांत डांबराची आयात थांबवू असे जाहीर केले. साठा सापडून शंभर वर्षे होत आली तरी ही घोषणा करावी लागली! खनिज जमिनीत असणे वेगळे आणि त्याचा उपयोग तिथल्या माणसाला होणे वेगळे. बुटोनचा हा धडा आशागडला जसाच्या तसा लागू पडतो.

आशागडच्या पोटात काय आहे?

डहाणू-तलासरीच्या भूमीत ना डांबरी खडक आहे, ना चुनखडीच्या खाणी. सगळा मुलूख लाव्हारसाच्या काळ्या दगडाचा. महाराष्ट्रात चुनखडी आहे ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीकडे. कोरपना-राजुऱ्याचे सिमेंट कारखाने त्याच चुनखडीवर चालतात आणि वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्याही. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजत आणि वसईपासून डहाणूपर्यंतचे जुने किल्ले चुन्यातच उभे राहिले. पण आजच्या काळात खाडीचे शिंपले उपसून रस्ते करणे योग्य नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला तो उगाच नाही.

डांबर तर बोलूनचालून खनिज तेलाचे. देशाला वर्षाकाठी ऐंशी लाख टनांहून अधिक डांबर लागते आणि त्यातला फार मोठा भाग आयात होतो. म्हणून पर्यायांचे प्रयोग सुरू आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर शेतीच्या टाकाऊ मालातील लिग्निन मिसळलेल्या जैव-डांबराचा तुकडा खुला झाला. ते तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आणि दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक गरम खडीवर पसरून डांबराची पकड वाढवण्याची पद्धत दिली, तिला आता वीस वर्षे उलटून गेली. भाताच्या पेंढ्यातून डांबर होत असेल तर भातपिकाच्या पालघर जिल्ह्यात त्याचा प्रयोग का होऊ नये, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारण्यासारखा आहे.

तर मग आशागडकडे स्वतःचे काय आहे? दगड आहे. आणि त्या दगडावर तर सगळ्यांचा डोळा आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथून जातो. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग इथून जातो. मालवाहू रेल्वेचा समर्पित मार्ग आणि बुलेट ट्रेन इथूनच. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. या प्रत्येक कामाला खडी, दगड, मुरूम लागतो. घोडबंदर ते तलासरी हा महामार्गाचा १२१ किलोमीटरचा पट्टा डांबरावर सिमेंट काँक्रीटचा थर देऊन पांढरा करण्याचे काम हाती घेण्यात आले. सिमेंट म्हणजे तरी काय? भाजलेली चुनखडीच. म्हणजे चुनखडी पालघर जिल्ह्यात येऊ शकते! शेकडो किलोमीटरवरून येऊ शकते. पण ती महामार्गापर्यंत येते आणि चारोटी नाक्यावरून आत वळत नाही.

आत काय आहे? ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी, याच जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात एका पाड्यावरच्या आदिवासी मातेला रस्ता नसल्यामुळे झोळीतून न्यावे लागले आणि तिची जुळी बालके दगावली. डोंगराला सुरुंग लागतात, डंपर भरून जातात. ज्यांच्या डोंगरातून ते भरतात, त्यांच्या पाड्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे कौतुक झाले. पण चिकू हे नाजूक फळ वाडीतून स्टेशनपर्यंत खड्ड्यांतूनच हेलकावत जाते.

पाच टन चुन्याचा हिशेब

आता आपण साधा हिशेब करून पाहू. गावचा रस्ता पावणेचार मीटर रुंद. एक किलोमीटर लांबीवर तीन सेंटिमीटर जाडीचा दाट डांबरी थर द्यायचा. मिश्रण साधारण ११२ घनमीटर लागेल, वजन सुमारे २६० टन. त्यात पाच टक्क्यांनी डांबर १३ टन. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तांत्रिक विनिर्देशांत अशा मिश्रणांसाठी तरतूद आहे की, पाण्याच्या परीक्षेत खडी नापास झाली तर खडीच्या वजनाच्या दोन टक्के विरी गेलेला चुना भुकटी म्हणून मिसळावा. दोन टक्के म्हणजे किलोमीटरला सुमारे पाच टन, एका ट्रकचा अर्धा भार. आशागडजवळ चुनखडीची खाण नाही म्हणून हा चुना घालता येत नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. दोनशे साठ टनांत पाच टन वस्तू बाहेरून आणणे अशक्य नाही. अंदाजपत्रकात ती लिहिलेली असली पाहिजे, एवढेच.

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. पाच टक्क्यांऐवजी साडेचार टक्के डांबर घातले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. रस्ता तितकाच काळा दिसतो. पण किलोमीटरमागे १.३ टन डांबर वाचते. दहा किलोमीटरमागे १३ टन, म्हणजे एका अख्ख्या किलोमीटरचे डांबर कुणाच्या तरी घशात जाते. "डांबर खाल्लं" या दोन शब्दांचा हा हिशेब आहे. तो मांडता आला तर तक्रारीचे रूपांतर पुराव्यात होते.

कायद्यात काय आहे?

भारतीय संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या बरोबरीने 'रस्ते' हा शब्द आहे. तो सहज आलेला नाही. १९२४ साली केरळात वायकोमला मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला होता. रस्त्यावरून चालण्याचा हक्क लढून मिळाला. आता प्रश्न रस्ता असण्याचा आणि टिकण्याचा आहे. हिमाचलमधील डोंगराळ खेड्यांतील गरीब, बहुसंख्य दलित रहिवाशांनी रस्त्याचे काम रखडले म्हणून उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ साली उमेद राम शर्मा प्रकरणात न्यायालयाने डोंगराळ भागातील माणसाचा रस्ता हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. राज्याच्या आर्थिक मर्यादा मान्य करूनही जोडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. पण माणूस गेल्यावर मिळणाऱ्या भरपाईपेक्षा रस्ता होतानाच हक्क बजावणे शहाणपणाचे. त्यासाठी तीन हत्यारे आपल्या हातात आहेत.

पहिले, माहितीचा अधिकार अधिनियम २००५. त्याच्या कलम २(जे) मध्ये माहिती मागण्याबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे. हे आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना माहीत नसते. ते फक्त कागदांच्या नकला मागतात. दहा रुपयांच्या अर्जावर रस्त्याच्या मिश्रणाचा नमुना मागता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तर शुल्कही नाही. हा नमुना शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिला की डांबर किती टक्के आहे हे कळते. आणखी एक परीक्षा आहे, ती तर शाळेतल्या मुलांनाही समजेल. डांबर लावलेली खडी ४० अंश तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवायची. पंचाण्णव टक्के पृष्ठभागावर डांबर टिकले तर खडी पास, नाहीतर नापास. अर्जात नेमके मागा : अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, डांबर खरेदीची चलने, खडीच्या पाणी-परीक्षेचा अहवाल, चुना घातला असल्यास त्याचे प्रमाण आणि मिश्रणाच्या तापमानाची नोंदवही. गरम मिश्रण प्लांटमधून दीडशे अंशांच्या वर निघते आणि नेहमीच्या प्रतीच्या डांबराचे १४० अंशांच्या खाली पसरायचे नसते. लांबच्या पाड्यावर ते कोणत्या तापमानाला पोहोचले, ही नोंद फार बोलकी असते.

दुसरे, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक रस्त्यावर स्थानिक भाषेत माहितीफलक लावायचा असतो आणि कोणत्या थरात किती साहित्य वापरले हे त्यावर लिहायचे असते. रस्ता झाल्यानंतर पाच वर्षे तो दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असते. पहिल्याच पावसात खडी निघाली तर नव्या निविदेची वाट पाहू नका. त्याच कंत्राटदाराकडून, त्याच्याच खर्चाने दुरुस्ती करून घ्या. फलक नसेल तर पहिली तक्रार फलकाची करा.

तिसरे आणि सर्वात मोठे, पेसा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ नुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा किंवा लिलाव करण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. महाराष्ट्राने ४ मार्च २०१४ रोजी त्याचे नियम केले आणि त्यानुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. म्हणजे डोंगराचा दगड कुणाला द्यायचा, यावर पाड्याचा शब्द कायद्याने आहे. मग ग्रामसभेने शिफारस देताना ठरावात लिहावे : या खाणीच्या रॉयल्टीतून आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून आमच्या पाड्याचा रस्ता आधी व्हावा, त्याच्या अंदाजपत्रकात खडीच्या पाणी-परीक्षेची आणि गरजेप्रमाणे दोन टक्के चुन्याची तरतूद असावी आणि काम चालू असताना ग्रामसभेच्या दोन माणसांना प्लांटवर उभे राहू द्यावे. अशा ठरावाला कुणी बेकायदा म्हणू शकत नाही. तो मान्य करायचा की नाही यावर शासनाला उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर लेखी असेल.

काही मंडळी म्हणतील, अडाणी आदिवासी प्लांटवर उभे राहून काय पाहणार? त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद भागातील कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. कागदावरचा अहवाल वाचून ते थांबले नाहीत. खाली काम कसे चालते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. देशाचा मजूरमंत्री जे करू शकतो, ते गावचा माणूस आपल्याच रस्त्यावर का करू शकत नाही? ज्या वारली समाजाने १९४५ साली तलासरी-डहाणूत वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्याला डांबराचा थर्मामीटर वाचता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपली नजर तपासावी.

बुटोनच्या माणसाच्या पायाखाली डांबर होते. चंद्रपूरच्या गोंड-कोलामांच्या पायाखाली चुनखडी आहे. आशागडच्या वारल्याच्या पायाखाली काळा दगड आहे. तिघांचा प्रश्न एकच आहे की, आपल्या जमिनीतून निघालेल्या वस्तूचा वाटा आपल्या दारापर्यंत पोहोचतो का? स्थानिक साहित्य वापरा, हा सल्ला तज्ज्ञ नेहमी देतात आणि तो योग्यच आहे. फक्त साहित्य स्थानिक असेल तर त्याचा हिशेब मागणाराही स्थानिकच असला पाहिजे. येत्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय कार्यसूचीवर घ्या. तरुणांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहून ठेवावेत, महिलांनी ठरावाला पाठिंबा द्यावा. पावसाळ्यानंतर नव्या कामांची अंदाजपत्रके तयार होतात. त्यात पाच टन चुना लिहून घेण्याची हीच वेळ आहे. रोलर फिरून गेल्यावर तो लिहिता येत नाही.